लहान लेकरं घेऊन परमुलखात सेवा: मेळघाटात राहायला जाणाऱ्या आईसाठी

परदेशी जायला पासपोर्ट लागतो, धारणीला जायला परतवाड्याहून एसटी मिळाली की झालं. पण घाट चढून सेमाडोहच्या पुढे गेलं की सोलापूरकडची, वसईची किंवा अगदी अमरावतीची मराठी आईसुद्धा परमुलखात येते. बाजारात हिंदी चालते, कचेरीत मराठी आणि चुलीपाशी कोरकू. कोरकूचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतावळ्यातली भाषा आहे. मिझोराम, केरळ, तमिळनाडूहून मिशनच्या कामाला आलेल्या ख्रिस्ती सेवक कुटुंबांना तर दोन-तीन भाषा एकदमच अंगावर येतात. बायबल कॉलेजात प्रवचन बांधायला शिकवतात. नऊ महिन्यांचं बाळ कडेवर आणि तीन वर्षांचं पदराला धरून घरसभा, म्हणजे कोणाच्या घरी भरणारी प्रार्थनासभा, कशी घ्यायची, हा विषय मात्र कुठल्याच वर्गात निघत नाही. पुढे लिहिलंय ते त्या कामाचं.

निघण्याआधी: आईचे तास कागदावर आणा

मिशन नेमणूक देते ती बहुधा नवऱ्याला. बायको त्याच्याबरोबर आपोआप आली, असं धरतात. मग महिला सभा तिची, संडे स्कूल तिचं, आल्यागेल्याचा स्वयंपाक तिचा आणि लेकरंही तिचीच. इथेच गाडं अडतं, म्हणून समितीशी बोलणं निघण्याआधी करा, पोहोचल्यावर नको. बोललेलं पत्रात उतरवून घ्या. धाकटं लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत आईचे सेवेचे तास आठवड्याला आठ ते दहा, त्याहून जास्त नाहीत, असं आमचं मत आहे. पहिलं वर्ष भाषा शिकण्याचं. त्या वर्षाच्या अहवालात तिच्या नावापुढे सभांचे आकडे मागायचे नाहीत.

त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी हव्यात. लेकरू आजारी पडलं तर कोणाला न विचारता खाली परतवाडा-अमरावतीला हलवण्याची मुभा. त्यासाठी हाताशी वेगळी रक्कम, निदान एका भाड्याच्या गाडीची आणि चार दिवसांच्या राहण्याची. आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोण देणार याचं उत्तर. समितीतले वडीलधारे म्हणतात, "बाई, प्रभू पुरवील." पुरवील, पण गाडीवाला पैसे रोख मागतो.

घर कुठे आणि कसं

गाव निवडताना पहिला प्रश्न विचारा: पावसाळ्यात हा रस्ता किती वेळा तुटतो? सिपना आणि तिला मिळणारे नाले चढले की पुलावरून पाणी जातं आणि गाव एक-दोन दिवस पलीकडेच राहतं. पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र ओढा न ओलांडता गाठता येईल असंच गाव घ्या. काम खरं तर आतल्या पाड्यांत असतं, हे मान्य. पण आत रोज जाऊन परत येता येतं. रात्री दोन वाजता झटके आलेलं लेकरू घेऊन नाला मात्र ओलांडता येत नाही. मोबाइलला रेंज घराच्या कोणत्या कोपऱ्यात येते तेही भाडं ठरवण्याआधी उभं राहून बघा.

छप्पर कवेलूचं असेल तर उत्तम. टिनाचं घर मे महिन्यात भट्टी होतं. टिनच मिळालं तर आतून बांबूच्या चटईचं छत बांधून घ्या आणि टिन व चटई यांत हातभर पोकळी ठेवा. नुसती चटई टिनाला चिकटवली तर उपयोग होत नाही, उष्णता अडते ती मधल्या हवेने.

झोपणं जमिनीवर नको. मण्यार रात्री घरात येतो आणि अंथरुणातल्या माणसाला चावतो. दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणून रडत उठलं, पापण्या जड पडल्या, बोलणं बोबडं झालं, तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. खोचल्यावर आतून हात फिरवा; कोपऱ्यात, जिथे कापड दुमडतं, तिथेच फट राहते. लेकराचं पांघरूण खाटेवरून खाली लोंबू देऊ नका, त्याच वाटेने विंचू चढतो. शौचालय लांब असेल तर रात्री टॉर्चशिवाय पाऊल नको, आणि सकाळी मुलांचे बूट आपटून मगच पायात घालायचे.

कूलरचं वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने लेकरं जातात. लोखंडी पत्र्याचा कूलर लहान मुलांच्या घरात आणूच नका, फायबरचा घ्या. पिन तीनच हवी आणि अर्थिंग खरोखर जमिनीत उतरलेलं हवं. खेड्यातल्या जोडणीत तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे तार नसते! वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून खात्री करा आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन उपसून ठेवा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, तळ घासून, सुकवून मगच भरा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच वाढतात.

दिवस लेकराच्या झोपेवर बेता, वर्ष पिकावर

बाहेरून आलेली सेविका हमखास एक चूक करते, संध्याकाळी सहाची सभा लावते. बायका त्याच वेळी वावरातून येतात, म्हणून ती वेळ सोयीची वाटते. पण त्यांना तेव्हा पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते, आणि तुमचं लेकरू नेमकं त्याच वेळी पेंगुळलेलं, चिडलेलं असतं. सगळेच वैतागतात. उन्हाळ्यात गाव दुपारी सावलीला बसलेलं असतं. अकरा ते एक हा वेळ घ्या आणि बाळाची दुपारची झोप तुमच्या मांडीवरच होऊ द्या. हिवाळ्यात रात्री जेवणं उरकल्यावर शेकोटीपाशी बायका निवांत असतात. तेव्हा मोठी मुलं वडिलांपाशी झोपवा आणि अंगावर पिणाऱ्याला बरोबर न्या. पेरणी आणि सोंगणीच्या दिवसांत सभाच ठेवू नका. जून-जुलैचे ते तीन आठवडे आईने भाषेच्या वहीला आणि घराला द्यावेत. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं मजुरीला खाली उतरतात आणि होळीला गाव पुन्हा भरतं. कोरकूंचा मोठा सण होळीच. फगव्याच्या दिवसांत उपास-प्रार्थनेचा आठवडा लावणारी सेविका गावाला कळलेली नसते, आणि तिला गाव.

घरसभा पाऊण तासाची ठेवा. दोन गीतं, एक वचन, प्रार्थना. दीड तासाची सभा लहान लेकरू सहन करत नाही आणि आईचं अर्धं लक्ष दाराकडे राहतं. बरोबर एक पिशवी कायम भरलेली असू द्या: छोटी सतरंजी, पाण्याची बाटली, बदलायचे दोन लंगोट, मऊ पोळीचा तुकडा, आणि एखादं खेळणं जे फक्त सभेतच हातात मिळतं. घरी मिळणाऱ्या खेळण्याने सभेत पाच मिनिटंही निघत नाहीत. मोबाइल देऊ नका. तुमचं लेकरू पडद्याकडे बघत बसलं की गावातली सगळी पोट्टी तिकडे सरकतात आणि सभा तिथेच संपते.

खरं काम सभेपेक्षा हापशीवर होतं. लेकरू न्हाऊ घालताना, वाळवण घालताना शेजारीण येऊन बसते, तुम्ही एका वस्तूचं नाव विचारता, ती सांगते, तुमचा उच्चार ऐकून हसते. रोज दहा शब्द असेच मिळतात. लेकरू तुमच्या आधी कोरकू बोलू लागेल, त्याच्याकडूनही शिका.

मुलं सांभाळायला गावातली बाई ठेवली तर तिला ठरलेली मजुरी द्या, दर शनिवारी, हातात. "ती मंडळीतलीच (चर्चमधलीच) आहे, सेवा म्हणून करते" हा हिशेब वर्षभरात कडू होतो. आणखी एक नियम, तो कोणाला रुचो न रुचो: पाहुणा कितीही मोठा पाळक असो, लेकरू त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, त्याच्या खोलीत झोपवायचं नाही. मिशनच्या घरात सतत परकी माणसं मुक्कामाला असतात. नियम सगळ्यांना सारखा लावला की कोणाचा अपमान होत नाही. संशय आला तर चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

खाणं आणि आग्रह

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. ४५ अंशांच्या उन्हातही वरचं पाणी नको, दुधातच पाणी असतं. आईने मात्र स्वतः जास्त पाणी प्यावं आणि उन्हात दर दीड-दोन तासांनी पाजावं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओले होत असतील तर बाळाला पुरतंय.

सहा महिन्यांनंतर दोन वाटे तांदूळ, एक वाटा मूगडाळ, मऊ शिजवून घोटलेली खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप. सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांनी. आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढीच, पण तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. पातळ पाणीदार पेज देऊ नका, पोट भरतं पण अंगी लागत नाही. खिचडी चमच्यावरून घरंगळली नाही म्हणजे बरोबर झाली. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलं की पुरे. पंधरा-वीस मिनिटं उकळत ठेवण्यात नुसतं जळण जातं.

अंगणवाडीत नाव घाला, लाजू नका. सहा महिन्यांपासून घरी नेण्याचा आहार मिळतो, तिसऱ्या वर्षापासून गरम ताजं जेवण आणि बरोबरीची मुलं. वजनाची नोंद तिथे दर महिन्याला होते. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. त्यासाठी कोण पात्र ते ताईंनाच विचारा. गावच्या बायकांच्या पंगतीला बसून जेवलात तर ओळखी आपोआप होतात.

आग्रहाची पंचाईत होतेच. कोणी बाळाच्या तोंडात चहात बुडवलेलं बिस्कीट घालेल, कोणी फुटाणे. "एवढ्याशानं काय होते बाई?" चहा-बिस्किटाने फार बिघडत नाही, हसून घ्या आणि पुढच्या वेळी आधीच काहीतरी खाऊ घालून न्या. पण फुटाणे, शेंगदाणे, हुरड्याचे दाणे, बोराची आठोळी, चारोळीचं बी हे चार वर्षांखालच्या लेकराच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका, मग कोणाला राग येवो. दाणा श्वासनळीत जातो आणि लेकरू खोकायचं थांबतं. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आळीपाळीने. वर्षाच्या वरच्याला मागून मिठीत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर झटका. जाण्याआधी हे एखाद्या नर्सकडून बाहुलीवर करून बघा. वर्षाच्या आत मधही चाटवू नये, जंगलातला अस्सल असला तरी.

औषधाची पेटी

पेटीत असावं ते असं: ओआरएसची दहा पाकिटं, झिंकच्या गोळ्या, पॅरासिटामॉल सिरप, डिजिटल थर्मामीटर, ५ मिलिची सिरिंज (सुई काढलेली), बँडेज, साबण, आणि लेकरांची वजनं लिहिलेली चिठ्ठी, दर महिन्याला बदललेली.

पॅरासिटामॉलमध्ये घोटाळा होतो तो असा. एक बाटली ५ मिलित १२५ मिलिग्रॅमची, दुसरी ५ मिलित २५० ची, खोकी सारखीच. डोस वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. दहा किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून ६ मिलि, दुसरीतून ३ मिलि. रात्री कंदिलाच्या उजेडात आई सवयीने ६ मिलि भरते आणि दुप्पट डोस जातो. एकाच ताकदीची बाटली घरात ठेवा, झाकणावर लाल नेलपॉलिशने आकडा लिहा, सिरिंजवरही त्याच रंगाची रेघ ओढा.

जुलाबाला एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने टाकलं की मीठ जास्त होतं आणि जुलाब वाढतात. केलेलं पाणी २४ तासांनी फेका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. झिंक १४ दिवस रोज: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यावर २०. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की सगळ्या आया झिंक बंद करतात. करू नका, पुढच्या दोन-तीन महिन्यांचे जुलाब त्यानेच टळतात.

पावसाळ्यात ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडून बोटाचं रक्त तपासून घ्या. शिल्लक राहिलेल्या हिवतापाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका, मेंदूच्या हिवतापात गेलेला एक दिवसही महागात पडतो. श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० आले, किंवा बरगड्यांखाली खळी पडू लागली, की निघा. पीत नाही, सगळं ओकतं, झटके येतात, हाक मारूनही डोळे उघडत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, गर्भवती आणि तान्ह्या बाळासाठी १०२. पण गाडी लांबून येणार असेल तर तिची वाट बघत बसण्यापेक्षा मिळेल त्या जीपने तिच्या दिशेने निघा आणि चालकाशी फोनवर बोलत राहा. विंचू चावून लेकराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर ते नुसतं दुखणं राहिलेलं नाही, प्राझोसिनची गोळी लागते. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. अवयव हलू न देता दवाखाना.

ही पेटी घरची आहे. गावाला कळलं की दारात रांग लागते आणि आई दया येऊन बाटल्या वाटते. मग ऐनवेळी स्वतःच्या लेकराला उरत नाही, आणि डॉक्टर नसताना औषध देण्याची जोखीम वेगळीच. ओआरएस द्या, कालवून दाखवा, आशाताईंकडे बरोबर चालत जा. औषध आणि प्रार्थना यांची सांगड घालू नका. लोक ती तुमच्या मनात नसलेल्या अर्थाने घेतात, आणि त्यांचं अगदीच चूक नसतं.

पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देण्याची रीत, डंबा म्हणतात तिला, अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या बाळाचं पोट फुगलं तरी एखादी आजी मायेनेच भूमकाचं, म्हणजे गावच्या वैदूचं, नाव सुचवेल. तिला झिडकारू नका. "माय, आधी डॉक्टरला दाखवते" एवढं म्हणा आणि खरंच दाखवा. शेजारच्या बाळाचं असेल तर आईशी वाद घालण्यापेक्षा तिच्या सासूला बरोबर घेऊन दवाखान्यात जा. निर्णय सासूच्या हातात असतो.

भाषा आणि शाळा

घरात एकच भाषा धरा, आणि ती आईची. बाहेर कोरकू-हिंदी आपोआप येते. घरी थोडी मराठी, थोडी हिंदी, थोडं इंग्रजी असं कालवण केलं तर मूल आजीशी फोनवर बोलायला लाजतं. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा पुरेशी आहे, पण घरी रोज पाऊण तास वाचन आणि गणित हवंच. सहाव्या-सातव्या वर्षी वसतिगृहात टाकण्याची पद्धत मिशनमध्ये जुनी आहे. आमच्या मते दहा वर्षांच्या आत नको. त्यासाठी पाचवीला कुटुंबालाच परतवाड्याला किंवा धारणीला हलवावं लागलं तर हलवा. काम जीपने जातं-येतं, बालपणाला तशी सोय नाही.

तुमच्या आणि गावच्या मुलांचे फोटो देणगीदारांना पाठवताना जरा थांबा. शेंबडं नाक आणि उघडं अंग दाखवून पैसे येतात, पण तो फोटो कधीतरी गावच्या फोनवर परत येतो.

रजा आणि सोमवार

मंडळ्यांना भेटी देण्याचा दौरा मिशन मे महिन्यात लावते, कारण शाळेला सुटी असते. लेकरांना घेऊन गावोगाव, रोज नवं घर, रोज नवं ताट, असा दौरा आईने करू नये. एका गावी, शक्यतो आजोळी, तळ ठोका. नवऱ्याने तिथून एकेक दिवस जाऊन यावं. प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा. एसटीत पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं, बायकांनाही अर्धं, तेव्हा पैसे वाचवायला चौघांनी जीपच्या मागच्या बाकावर कोंबून बसायची गरज नाही.

रविवार तुमच्या सुटीचा नाहीच. सोमवार घ्या, आणि गावाला सांगून घ्या. त्या दिवशी दाराला बाहेरून साधी कडी लावून सगळे नदीवर जा, किंवा नवऱ्याने मुलं घ्यावीत आणि आईने तीन तास झोपावं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त रडू येत राहिलं, झोप लागत असूनही उठावंसं वाटेना, बाळाविषयी काहीच वाटेना, तर ती विश्वासातली उणीव नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. रेंज कोणत्या कोपऱ्यात येते ते तुम्ही भाडं ठरवतानाच बघून ठेवलेलं असेल.